सूपभर कोंडा

मायाक्का सुपात कोंडा घेऊन शेजारणीच्या उंबऱ्याशी उभी होती. कोंडिबाची हळद तोंडावर आली होती. कोंडा परत करायचा आणि पोर परत घ्यायचं, त्याशिवाय लग्नात आई म्हणून पाटावर बसता येत नव्हतं. सोलापुरातल्या त्या गिरणीच्या चाळीत हे साऱ्यांना ठाऊक होतं, कोंडिबालाही.

तिची पहिली दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली. तिसरं झालं तेव्हा सटवाईला चकवायला तिनं ते शेजारच्या शिवबाईला विकलं. किंमत काय, तर सूपभर कोंडा! म्हणून नाव कोंडिबा. पण नुसतं विकून कुठलं भागतंय? सटवाईला ते खरं वाटायला हवं. म्हणून पोरानं शिवबाईला आई म्हणायचं, मायाक्काला काकू. पोर तापानं फणफणलं तेव्हा शिवबाई उशाशी बसली, आणि ही भिंतीपलीकडं, तोंडात पदराचा बोळा कोंबून.

कोंडा मात्र तिनं वापरला नव्हता. कडुनिंबाचा पाला घालून, वरचेवर ऊन देऊन मडक्यात जपला होता. तो संपला तर सौदा खरा होईल, ही तिची भीती. त्याच्या तोंडून एकदा आई ऐकायचं, एवढ्यासाठी बाईनं कळ काढली होती.

शिवबाईला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. तिनं सूप बघितलं. "आण," ती म्हणाली. "तुजं तुला."

तेवढ्यात अंगणातून कोंडिबाची हाक आली. "आई, माजं नवं धोतर कुटं ठेवलंस गं?"

शिवबाई ओ द्यायला उठली आणि मटकन खाली बसली. "तू दे की ओ," ती मायाक्काला म्हणाली. "आता तुजा हाय त्यो."

मायाक्कानं तोंड उघडलं. आवाजच फुटेना. इतकी वर्षं ही हाक ऐकून गप्प बसायची सवय झाली होती मेली.

कोंडिबा दारात आला. सूप बघून तो थबकला. मग सरळ शिवबाईपुढं बसला आणि तिचे डोळे पुसू लागला. "रडू नगं की गं आई. मी काय लई लांब चाललोय व्हय?"

मायाक्कानं हातातलं सूप दारात बांधलेल्या शेळीपुढं ठेवलं. शेळीनं कोंडा संपवून सूप चाटेस्तोवर ती तिथंच उभी राहिली.

"ऊठ गं वरमाई," मग ती शिवबाईला म्हणाली. "ल्योक कवाधरनं धोतर मागतोय."