पडद्यावरचा पाय

सुनीतीबाईंच्या पायाची जखम महिनोन्महिने भरत नव्हती. संशोधक लेक ईशानी मुंबईहून यायची, पट्टी बदलायची, फोटो काढायची. “डॉक्टरांना दाखवते, आई,” म्हणायची. आज तिच्या कर्जतमधल्या व्याख्यानाला सुनीतीबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. पडद्यावर जेलीफिश आला. त्याचा तुटलेला अवयव चार दिवसांत पुन्हा उगवतो, हे ईशानीनं सुरेख समजावलं. “आणि म्हातारं माणूस?” तिनं विचारलं. पडद्यावर चिघळलेला पाय आला. डॉक्टरांसाठी काढलेला फोटो अख्खं कर्जत बघत होतं. “कुणाचा हो?” शेजारणीनं विचारलं. “कुणास ठाऊक,” म्हणत सुनीतीबाईंनी निऱ्या खाली ओढल्या. ईशानी माईकवर म्हणाली, “हा माझ्या आईचा पाय. आई, वर ये ना!” टाळ्या पडल्या. सुनीतीबाई काठी टेकत उठल्या आणि दाराकडे वळल्या. “आई, पायऱ्या इकडे!” ईशानीनं हाक मारली. त्या थांबल्या नाहीत.