रविवारचं इंजेक्शन

"आधी हाड सरळ बसवायचं, मग इंजेक्शन टोचायचं. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?" डॉक्टर लोटलीकरबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला. शाल्मलीचा हात मनगटाच्या वर वाकडाच सांधला होता.

श्रीरंग मान खाली घालून उभा राहिला. जिन्यावरून पडलेली लेक किंचाळत होती, तेव्हा त्याला काही सुचलंच नव्हतं. फ्रीजमधलं हाडजोड पेप्टाइड त्यानं जागच्या जागी टोचलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत हाड पक्कं जुळूनही गेलं.

"आता?"

"आता पुन्हा मोडायचं. औषध अंगात आहे तोवर भूल चढणार नाही, आणि थांबलो तर हात जन्मभर असाच राहील. मोडल्या क्षणी मला तो सरळ ओढून धरावा लागेल, माझे दोन्ही हात त्यातच गुंतणार. आत्ता इथं दुसरं कुणी नाही, मोडायचं तुम्ही."

श्रीरंगनं आतल्या खोलीचं दार ढकललं.

आत शाल्मली टेबलावर बसली होती. बाबाला पाहताच तिचा चेहरा निवळला. दर रविवारी व्हिटॅमिनच्या सुईसाठी करायची तसाच तिनं तो वाकडा हात आपणहून पुढे केला आणि डोळे गच्च मिटले.

"बाबा, तूच दे हं. तुझ्या हातचं दुखत नाही."