संमतीची सही

खोलीत चौदा खुर्च्या होत्या आणि नऊ बायका. टेबलावर पाण्याचा जग, पाच पेले आणि सभासदांची वही. भिंतीवर एकच फोटो होता, एकतीस वर्षांपूर्वीच्या मोर्चाचा. त्यात मोजता येण्यासारख्या बायका दोनशे बारा होत्या. प्रत्यक्षात अकराशे गेल्या होत्या, स्त्री-पुरुषांना सारखे हक्क देणारा कायदा होऊ नये म्हणून.

“दंडावरच्या सगळ्या निळ्या पट्ट्या माझ्या हातच्या,” शिवणकामवाली म्हणाली. “बोटं सोलून निघाली होती.”

“आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं हॉटेलात बसून चहा प्यायले,” डॉक्टरांची बायको म्हणाली. “तसा चहा परत मिळाला नाही बाई.”

“घोषणा काय होती गं?”

“बरोबरी नको, घर हवं!” तिघी एकदम ओरडल्या. शेवटचा शब्द खोकल्यात गेला आणि सगळ्या हसत सुटल्या.

कायदा चार मतांच्या फरकानं झालाच होता. मोर्चा काढणारा त्यांचा संघ मात्र दर गुरुवारी भेटत राहिला.

अध्यक्षबाईंनी पेल्यावर पेन वाजवलं. नोंदणी टिकवायला पाच सभासद लागत होते, आणि महिनाअखेरपर्यंत ते झाले नाहीत तर ही खोली ग्रंथालयाला जाणार होती. वहीत सभासद उरली होती एक. कारण संघाचा नियम होता : दरवर्षी पतीने संमतीची सही केल्याशिवाय बाईला सभासद होता येणार नाही, मतही देता येणार नाही. आठ जणींचे नवरे गेले होते. त्या आता पाहुण्या म्हणून येत. नियम अध्यक्षबाईंनीच लिहिला होता, आणि दोन वर्षांपूर्वी स्वतःचं नावही स्वतःच खोडलं होतं.

“ताई, बाईची स्वतःची सही चालवून घ्या आता,” शिवणकामवाली म्हणाली. “नाहीतर पुढच्या गुरुवारी भेटायचं कुठे? माझ्या घरी सुनेचं राज्य आहे.”

“ज्याच्याविरुद्ध अकराशे जणी नेल्या, तेच आपल्या वहीत लिहू?”

अध्यक्षबाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

“मला हे पटत नाही,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पण मला मत नाही. मत हिला आहे.” त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी अडुसष्ट वर्षांची होती. “जा, घरी विचारून ये. आम्ही थांबतो.”

धाकटी उठली नाही.

“ते मला तीन वर्षं ओळखत नाहीत, ताई. परवा म्हणाले, बाई, तुम्ही कुणाच्या?”

अध्यक्षबाईंनी वही उघडली. गेल्या तीन वर्षांच्या तीन सह्या. तिन्ही ठसठशीत, उजवीकडे झुकलेल्या.

“मग या?”

“मीच केल्या. गुरुवार चुकला असता ना.”

टेबलावर पाण्याच्या जगाभोवती ओलं वर्तुळ साचलं होतं. डॉक्टरांच्या बायकोनं ते पदरानं पुसलं.

“त्यात एवढं काय?” ती म्हणाली. “कायद्याविरुद्धच्या अर्जावर तरी आमच्या ह्यांची सही कुणी केली होती? हे तर कागद वाचायलाही तयार नव्हते.”

“आमच्यांची मीच केली.”

“मी तर सासऱ्यांचीसुद्धा केली!”

पुन्हा हशा पिकला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

“किती जणींनी केल्या?” त्यांनी विचारलं.

सहा हात वर झाले. मग, जरा उशिरानं, सातवा.

अध्यक्षबाईंची नजर त्या हातांवरून भिंतीवरच्या फोटोकडे गेली.

“काय ऊन होतं गं त्या दिवशी,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी वहीचं नवं पान काढलं, तारीख घातली आणि धाकटीला म्हणाल्या, “बोल.”

धाकटी बोलली. अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं.

ठराव : यापुढे बाईची स्वतःची सही पुरेशी. हजर : नऊ. मतदानास पात्र : एक. ठरावाच्या बाजूने : एक. विरोधात : शून्य.