पोचेपर्यंत

आसावरीने हॉलमधला टीपॉय भिंतीकडे सरकवला आणि दारामागची केरसुणी घेतली. वहिनीला कॉटवरून खाली घ्यायचं, तर आधी जागा झाडून घ्यायला हवी होती.

"राहू दे," श्रीपादराव म्हणाले.

"दादा, कालपासून केर काढलेला नाही. माणसं येतील आता."

"सलिल अजून पोचला नाही."

आसावरी थांबली. शुभदावहिनीचं हे खूळ सगळ्या नात्यात माहीत होतं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं, की ते पोचल्याचं कळेपर्यंत ती केरसुणीला कुणाला हात लावू द्यायची नाही. सलिल फ्रँकफर्टला नोकरीला लागल्यापासून तर हे फारच वाढलं. तो विमानात, आणि इकडे डोंबिवलीत पायाला कचरा. केरसुणीचा आणि विमानाचा काय संबंध, म्हणून श्रीपादराव तिची यथेच्छ थट्टा करायचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, त्यांचा विश्वास आकड्यांवर.

काल रात्री सलिलने घरातून निघताना फोन केला, तेव्हा शुभदा चांगली शुद्धीवर होती. यायला किती वेळ लागेल, असं तिने विचारलं. आठ तासांचं विमान आहे, असं श्रीपादरावांनी सांगून टाकलं.

"आठ ना? मग थांबते मी," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे तोंड करून पडून राहिली.

आठ तास नुसते विमानाचे होते. तिथलं विमानतळ गाठणं, तिथलं ताटकळणं, मग इथे सामान, टॅक्सी, शिळफाट्याचं ट्रॅफिक, यातलं काहीच त्यांनी धरलं नव्हतं. शुभदाने मात्र शब्द पाळला. पहाटे साडेपाचला आठ तास भरले, तशी तिने दाराकडे मान वळवली. बराच वेळ बघत राहिली. उजाडता उजाडता गेली.

चौदा सांगितले असते तर ती चौदा थांबली असती. डॉक्टर येऊन गेले, आसावरी ठाण्याहून धावत आली, तरी श्रीपादरावांच्या डोक्यातून हे एकच वाक्य जात नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि आपली चूक झाली ती नेमकी इथे.

सलिलला मेसेज टाकून ठेवू का, उतरल्यावर वाचेल, असं आसावरीने हळूच विचारलं.

"नको. विमानात आहे तोवर त्याला आई आहे," श्रीपादराव म्हणाले.

दोघं तशीच बसून राहिली. नऊच्या सुमाराला कॉटवर, उशीशेजारी फोन वाजला. शुभदाचा फोन. आसावरीने उचलून बघितला आणि भावापुढे धरला.

सलिलचा मेसेज होता. "पोचलो गं आई. आता काढ केर."

श्रीपादरावांनी तो दोनदा वाचला. मग आसावरीच्या हातातून केरसुणी घेतली आणि कॉटखालून, सावकाश, स्वतःच केर काढायला लागले.