पाहणीपुरत्या बंड्या

तिकोणा गडाच्या पायथ्याला रस्त्याचं काम चाललेलं. साहेबाची जीप पाहणी उरकून वळणाआड गेली, तसा मुकादम पेटी उघडून ओरडला, "चला, बंड्या काढा!" भडक नारिंगी बंड्या सकाळीच वाटल्या होत्या, धुक्यात माणसं दिसावीत म्हणून. धुकं अजून तसंच होतं. खडी वाहणारी सारजा जागची हलली नाही. गेल्याच आठवड्यात मागं सरकणाऱ्या डंपरनं तिच्या जावेचा पाय चिरडला होता. ड्रायव्हरला ती दिसलीच नव्हती. "न्हाई काढायची," सारजा म्हणाली. "सायेब गेलं, डंपर हितंच हाय." "अगं, कामात मळतील," मुकादम चरफडला. "पुढल्या पाहणीला कोऱ्या नकोत?" सारजानं वाकून चिखलात हात बुडवला आणि छातीशी नारिंगी कापडावर पाची बोटं उमटवली. "ही मळली. ठिवा आता पेटीत." तेवढ्यात तिच्यामागच्या बाया एकेक करून चिखलाकडं वाकू लागल्या.