कॉलरचं टोक

तपासनीस बाईंनी ढिगातला एक शर्ट उचलला, कॉलरचं टोक दोन बोटांत धरून उजेडाकडे नेलं आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं.

"ही कॉलर कुणी शिवली, विचारतायत," मॅनेजर म्हणाला.

भिंतीशी उभ्या असलेल्या मालकांनी कुणाकडेच पाहिलं नाही. मॅनेजरची नजर मात्र टेबलांवरून फिरत फिरत मावशींवर येऊन थांबली. मावशी कारखान्यातल्या सगळ्यांत जुन्या. कॉलर म्हटली की मावशींचीच, असं मालक पूर्वी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे.

"मी," मावशी म्हणाल्या.

हे धडधडीत खोटं होतं. तो शर्टच मुळी इथे शिवलेला नव्हता. शेजारच्या देशातून असे तयार शर्ट खोकी भरभरून यायचे. ज्या मोठ्या देशात हा सगळा माल खपायचा, त्यानं शेजाऱ्यांच्या कपड्यांवर जबर कर बसवला होता. इथल्या कपड्यांवर तो कमी होता. म्हणून शर्ट आधी इथे यायचा, त्याचं लेबल उसवलं जायचं, इथलं लेबल लागायचं आणि मग तो बोटीवर चढायचा. नवा शिवण्यापेक्षा हे स्वस्त पडत होतं. हिवाळ्यापासून निम्म्याहून जास्त मशिनी झाकलेल्या होत्या आणि बायकांच्या हातात टाके उसवायचं पातं आलं होतं. कुणालाच ते काम आवडत नव्हतं. पण गल्लीतल्या बाकीच्या कारखान्यांना कुलपं लागली होती आणि इथली चूल अजून पेटत होती. माल खरंच इथे शिवला जातो का, हे पाहायला त्या मोठ्या देशानंच या बाईंना पाठवलं होतं. आज खोटं उघडं पडलं असतं, तर हेही दार बंद झालं असतं.

तपासनीस बाई हसल्या. चेहऱ्यावरून बाई वाईट वाटत नव्हत्या. त्या पुन्हा काहीतरी म्हणाल्या, आणि ते सांगताना मॅनेजरची जीभ अडखळली.

"फार सुरेख आहे, म्हणतायत. आणि... एक शिवून दाखवा म्हणतायत. इथेच."

मावशींची नणंद शेजारीच बसायची. तिनं चटकन उठून मशीनवरचं कापड ओढलं आणि धूळ दिसू नये म्हणून तळहात फिरवला. मावशी बसल्या. दोरा ओवताना त्यांना डोळे बारीक करावे लागले.

खरी अडचण पुढे होती. मावशींची कॉलर वेगळी असायची. टोकाशी आलं की सुई कापडात रोवायची, कापड वळवायचं आणि सरळ पुढे जायचं. टोक असं निघायचं की बोटाला टोचावं. आईनं त्यांना तसं शिकवलं होतं आणि उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्या कुठल्या रीतीनं कॉलर शिवली नव्हती.

बाईंनी उचललेला शर्ट मात्र सीमेपलीकडच्या एका अनोळखी शिवणारीचा होता. ती टोकाशी एक तिरपा टाका घालायची. तिचे शर्ट त्या ढिगातून मावशींना न बघता, नुसत्या बोटांना कळायचे. पहिल्यांदा त्यांनी त्या टाक्याला नावं ठेवली होती. "टोक चुकवतेय ही," असं नणंदेला म्हणाल्याही होत्या. पुढे शर्टामागून शर्ट हाताखालून गेले तेव्हा उमगलं, की ती चुकवत नाही, सांभाळते. धुऊन धुऊन कॉलर तिथेच फाटते, म्हणून.

मशीन सुरू झाली. सुई टोकापाशी आली. मावशींचा हात सवयीनं कापड वळवायला निघाला, आणि थांबला. मावशींनी कापड अर्धंच वळवलं, तिरपा टाका घातला आणि मग पुढे गेल्या. दुसऱ्या टोकालाही तसंच केलं.

तपासनीस बाईंनी दोन्ही कॉलरी शेजारी शेजारी ठेवल्या आणि अंगठा फिरवून पाहिला.

"हात एकच आहे, म्हणतायत," मॅनेजर म्हणाला.

मालक स्वतः पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आले. बाईंनी आधी मावशींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. असा हात आता फारसा पाहायला मिळत नाही, असं म्हणाल्या. मग ती नवी कॉलर जवळ ठेवायला मागून घेतली आणि जपून पर्समध्ये घातली. एवढ्या लांबून येऊन मावशींच्या कामाला कुणी चांगलं म्हणण्याची ही पहिलीच वेळ होती. मावशी खाली बघत राहिल्या.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर हॉल एकदम बोलायला लागला. कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. नणंद जवळ आली.

"वहिनी, सगळ्यांना तारलंत."

मावशी मशीनवर पुन्हा कापड घालत होत्या.

"पण तुमची कॉलर तशी नसते," नणंद हळूच म्हणाली. "तुमच्या पद्धतीची दाखवता आली असती, तर तीही आवडली असती त्यांना."

"माझी बघायला कुणी आलंच नव्हतं," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ढिगातला पुढचा शर्ट ओढला आणि कॉलर उलटी केली. लेबलाच्या टाक्यांत पलीकडच्या कुणाचा तरी एक लांब केस शिवला गेला होता. मावशींनी लेबल उसवून बाजूला टाकलं. केस हातात धरला, ओढून काढायला गेल्या, आणि थांबल्या. मग तो कॉलरीवर होता तसा सरळ केला, वर नवं लेबल ठेवलं आणि चारी बाजूंनी टाके घातले.