भंडाऱ्याचं पाणी

चौऱ्याहत्तर साली कॉलेजातले विरुपाक्ष सर निंगव्वाच्या गल्लीत आले आणि तिथल्या विहिरीचं पिवळं पाणी त्यांनी काचेच्या बरणीत घेतलं. मोहोळहून आणलेली चिकणमाती त्यात कालवून बरणी तासभर ओट्यावर ठेवून दिली. माती तळाशी बसली तसं वरचं पाणी नितळ झालं. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. निंगव्वा मात्र बरणीजवळ सरकली. दोन वर्षांपूर्वी हे पाणी पिवळं झालं, तेव्हा यल्लम्माचा भंडारा उतरला म्हणून विहिरीवर पहिला नारळ तिनंच फोडला होता.

“सर, त्या मातीनं काय वढून घेतलं ओ?”

“शिसं, मावशी. शेजारच्या रंगखान्यातून झिरपतंय. विषच ते. मोठ्यांना हळूहळू बाधतं, लहान लेकरांना फार लवकर.” तिचा उतरलेला चेहरा बघून सरांनी विचारलं, “तुमच्या घरात कोण पितं हे पाणी?”

“आमी कोन न्हाय पीत. आमाला नळ हाय की.”

सरांना हायसं वाटलं. पण निंगव्वानं ओट्यावरची बरणी जवळ ओढली.

“माजी मल्लव्वा चार वर्साची व्हती, सर. नुसती खोकायची. बरी व्हावी म्हनून तिला एकटीलाच रोज सकाळी वाटीभर पाजत व्हते मी. पार जाईस्तोवर.”